कॅलिफोर्नियात लायसन्सची लेखी परीक्षा, वय वर्षं ५८

लेक आणि जावई कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असतात. माझं ग्रीन कार्ड झालं आणि २०२४च्या जानेवारीत नाशिकच्या घराला कुलूप घालून मी त्यांच्याकडे राहायला आले. नाशिकला बँकेतली नोकरी, सासूबाईंचा दवाखाना, लेकीचे क्लास, सगळं मी स्वतः गाडी चालवून निभावलं होतं. इथे मेथीची जुडी आणायची तरी कुणीतरी मीटिंगमधून मोकळं होण्याची वाट बघायची. बस आहे, बार्टची रेल्वेही आहे, पण आमच्या घरापासून दोन्ही गैरसोयीच्या. तेव्हा लायसन्स काढायचं, हे पहिल्या महिन्यातच ठरलं. माझ्या वयाचे बरेच आईवडील इथे येतात आणि परीक्षेच्या धास्तीने कायमचे मागच्या सीटवर बसतात. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे.

सगळे आधी विचारतात ते असं, की भारतातलं लायसन्स चालत नाही का? फिरायला आलेल्या, अठरा वर्षांवरच्या माणसाला चालतं. राहायला आलात, की दहा दिवसांत इथलं घ्यायचं असा नियम आहे. ते घेताना भारतातल्या लायसन्सवर काही सवलत नाही. लेखी परीक्षा द्यायची आणि नंतर गाडी चालवून दाखवायची. नाशिकच्या आरटीओत इन्स्पेक्टरसमोर आठ काढून दाखवला होता, तो इथे कुणी विचारत नाही.

इथल्या आरटीओला डीएमव्ही म्हणतात. अर्ज त्यांच्या वेबसाइटवर घरूनच भरता येतो. ईमेल आणि मोबाइल नंबर देऊन खातं उघडायचं, मग अर्ज. शेवटी एक कन्फर्मेशन नंबर मिळतो, तो लिहून ठेवा किंवा फोटो काढून ठेवा, खिडकीवर तोच मागतात. एक काळजी घ्या. शोधायला गेलं की डीएमव्हीसारख्याच दिसणाऱ्या खासगी वेबसाइट आधी समोर येतात आणि 'मदत' करायचे पैसे मागतात. पत्त्याच्या शेवटी 'सीए डॉट गव्ह' असेल तरच सरकारी. अर्जाचे ४५ डॉलर मी प्रत्यक्ष ऑफिसात भरले. एवढ्या पैशांत लेखी परीक्षा तीन वेळा देता येते आणि अर्ज वर्षभर चालतो. हे कळलं तेव्हा छातीवरचं अर्धं ओझं उतरलं, म्हणून आधीच सांगून टाकते.

कागदपत्रांचा मात्र मला परीक्षेपेक्षा जास्त घोर होता. साधं लायसन्स घ्यायचं की 'रिअल आयडी' घ्यायचं, हे अर्जातच विचारतात. ७ मे २०२५पासून देशांतर्गत विमानप्रवासाला रिअल आयडी लागणार होता, म्हणून लेकीने तोच घ्यायला लावला. खरं तर विमानतळावर पासपोर्ट किंवा ग्रीन कार्डही चालतं, पण ते पर्समध्ये घालून हिंडायचं माझ्या जिवावर येतं. रिअल आयडी काढायला ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) आणि राहत्या पत्त्याचे दोन पुरावे लागतात. आता लेकीच्या घरात राहणाऱ्या आईच्या नावावर काय असणार? वीज जावयाच्या नावाची, घर दोघांचं. मी इथल्या बँकेत खातं उघडलं होतं, त्याचं स्टेटमेंट घेतलं आणि मोबाइलचं बिल माझ्या नावावर करून घेतलं. बिल हातात यायला एक महिना जाणार हे धरून चाला. येऊन आठवडा झाला नाही तोवर ही दोन कामं सुरू करा, बाकी सगळं नंतर.

नावाकडेही लक्ष द्या. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तिन्ही नावं असतात. इथली बँक आणि फोन कंपनी मधलं नाव गाळून टाकतात. मी दोन्हीकडे सांगून पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव घालून घेतलं. ज्यांचा एखादा कागद माहेरच्या नावाचा आहे, त्यांनी लग्नाचा दाखलाही बरोबर ठेवावा.

अपॉइंटमेंट मार्चच्या अखेरीची मिळाली. अपॉइंटमेंटशिवायही जाता येतं, पण मग रांगेत किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. दोन गोष्टी बघून दिवस निवडा. बुधवारी बहुतेक ऑफिसं आठऐवजी नऊला उघडतात, आणि लेखी परीक्षेला दुपारी साडेचारनंतर बसू देत नाहीत. आपण सकाळचीच वेळ घ्यावी. या वयात दुपारी जेवणानंतर डोकं किती चालतं ते आपल्यालाच ठाऊक.

आता अभ्यास. डीएमव्हीचं हँडबुक फुकट आहे, वेबसाइटवर पूर्ण वाचता येतं. शंभराच्या वर पानं आहेत, पण भाषा सोपी आहे. परीक्षा तेव्हा हिंदी आणि पंजाबीतही देता येत होती, मराठीत नव्हती. मी इंग्रजीच घेतली. पुस्तक इंग्रजीत वाचलेलं, रस्त्यावरच्या पाट्या इंग्रजीत, मग परीक्षेपुरतं हिंदीत जायचं कशाला? मोठ्यांना ३६ प्रश्न असतात, ३० बरोबर यावे लागतात. अठराच्या आतल्यांना ४६ आणि त्यात ३८. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरांचे पर्याय असतात, लिहायचं काहीच नसतं.

सुरुवातीला मी आकड्यांच्या मागे लागले, कारण बँकेतल्या माणसाला आकडे जवळचे. त्यातले कामाचे सांगते. घरांच्या वस्तीत वेगमर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे आपले ४० किलोमीटर. बहुतेक हायवेवर ६५, पण मध्ये दुभाजक नसलेल्या दोन लेनच्या रस्त्यावर ५५. चौकात दोन्ही बाजूंचं शंभर फुटांपर्यंत दिसत नसेल तर १५, गल्लीबोळातही १५. वळायच्या आधी शंभर फूट इंडिकेटर. आगीच्या बंबाला पाणी पुरवणारा नळ फुटपाथवर असतो, त्याच्या १५ फुटांत गाडी लावायची नाही. समोरून गाडी येत असेल तर ५०० फुटांवर अप्पर लाइट खाली घ्यायचा, पुढच्या गाडीच्या मागे असाल तर ३०० फुटांवर. पाऊस आला आणि वायपर लावला, की दिवेही लावायचे. अपघातात कुणी जखमी झालं किंवा हजार डॉलरच्या वर नुकसान झालं, तर दहा दिवसांत डीएमव्हीला कळवायचं. पत्ता बदलला तरी दहा दिवसांत. गाडी विकली तर पाच. २१ वर्षांवरच्या माणसासाठी रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०८ टक्के, एकविशीच्या आत ०.०१. मी जन्मात दारू प्यायले नाही, पण हा आकडा पाठ आहे.

मैल-किलोमीटर आणि फूट-मीटर मनात बदलत बसू नका. परीक्षेत मैल आणि फूटच येतात, तेच तसेच लक्षात ठेवा. सगळे आकडे एका कागदावर लिहून मी तो फ्रिजवर लावला होता. फुटपाथच्या कडेला इथे कर्ब म्हणतात आणि तिच्या रंगावरून गाडी थांबवायचे नियम ठरतात. नातू दहा वर्षांचा आहे, दूध घ्यायला आला की मला विचारायचा, "आजी, रेड कर्ब?" थांबायचं नाही, असं मी म्हणायचं. "व्हाइट?" माणसं चढवा-उतरवायला. "ग्रीन?" पाटीवर लिहिलेल्या वेळेपुरतं. "यलो?" माल किंवा माणसं चढवा-उतरवा, ड्रायव्हरने गाडीतच बसायचं. "ब्लू?" अपंगांसाठी. फुटपाथच्या कडेचे हे पाच रंग त्याच्यामुळे झोपेतही सांगता यायला लागले.

पण आकडे पाठ करून परीक्षा होत नाही, हे सराव चाचण्या सोडवायला लागल्यावर कळलं. डीएमव्हीच्या वेबसाइटवर नमुन्याचे प्रश्न आहेत, आधी तेच सोडवा. मोबाइलवरच्या फुकट ॲपमध्ये कधीकधी दुसऱ्याच राज्याचे नियम घुसलेले असतात, आणि इथे नियम राज्याराज्यांत बदलतात. सरावात माझं घोडं पुन्हा पुन्हा अडत होतं ते एकाच जागी, चौकात आधी कोण जाणार. या परीक्षेचा खरा गाभा तोच आहे असं माझं मत झालं. गाडी चालवता येते का, हे ती विचारतच नाही. दुसऱ्याला कधी जाऊ द्यायचं, हे विचारते.

नाशिकच्या द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर आपण कसे जातो? समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतो, थोडं पुढे सरकतो, तो थबकला की निघतो. यात चूक-बरोबर काढत नाही मी, तिथे तसंच जावं लागतं. पण हा अंदाज इतकी वर्षं अंगात मुरला, की कागदावरच्या प्रश्नालाही मन तसंच उत्तर देतं. इथे चारही बाजूंना स्टॉपची पाटी असलेले चौक पावलोपावली आहेत. सिग्नल नाही, पोलीस नाही. जो आधी येऊन पूर्ण थांबला तो आधी निघणार. दोघे एकदम आले तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. सिग्नल बंद पडला असेल तरी चौक असाच समजायचा. पूर्ण थांबणं म्हणजे चाकं फिरायची थांबली पाहिजेत. नुसतं हळू केलं तर ते थांबणं नाही.

मग तसेच बाकीचे. टी आकाराच्या तिठ्यावर पाटी नसेल तर सरळ जाणाऱ्या रस्त्याचा मान आधी. डावीकडे वळणाऱ्याने समोरून येणाऱ्यांना जाऊ द्यायचं (इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपला उजवीकडचा अवघड वळसा म्हणजे इथला डावीकडचा). सर्कलमध्ये आधीपासून असलेल्या गाड्यांना आधी. फ्रीवेवर, म्हणजे सिग्नल नसलेल्या मोठ्या हायवेवर, शिरताना आतल्या गाड्यांना आधी. पट्टे आखलेले असोत वा नसोत, चौक ओलांडणाऱ्या माणसाला आधी. पांढरी काठी घेतलेला किंवा कुत्र्याच्या मदतीने चालणारा अंध माणूस दिसला तर थांबायचंच. लाल सिग्नलला पूर्ण थांबून, कुणी येत नाही हे बघून उजवीकडे वळता येतं, पण लाल बाण असेल तर नाही. शाळेची पिवळी बस लाल दिवे लुकलुकवत थांबली, की मागच्यांनी आणि समोरच्यांनीही थांबायचं. मध्ये दुभाजक असेल किंवा दोन्ही दिशांना दोन-दोन लेन असतील तरच समोरच्यांना थांबावं लागत नाही. यावर प्रश्न येतो, आणि पर्याय असे फसवे देतात की तिन्ही बरोबर वाटावेत.

एक नियम मात्र माहेरचा निघाला. अरुंद चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने मागे घ्यायचं. भारतातही कायदा हाच आहे आणि सप्तशृंगीच्या घाटात जुने ड्रायव्हर तो पाळतातसुद्धा. हॉर्नचंही तसंच. हँडबुक सांगतं की हॉर्न कामाशिवाय वाजवू नका, पुढचा हळू चालला आहे म्हणून तर मुळीच नाही. पण अरुंद डोंगरी रस्त्यावर पुढचं दोनशे फूट दिसत नसेल तर वाजवा. हे वाचून मला घरच्यासारखं वाटलं.

उतारावर गाडी लावताना चाकं कुठे वळवायची, हाही हमखास प्रश्न. फुटपाथची कड असेल आणि तोंड उताराकडे असेल तर चाकं कडेकडे. तोंड चढाकडे असेल तर चाकं कडेपासून रस्त्याच्या बाजूला. कडच नसेल तर चढ असो की उतार, चाकं उजवीकडे. पाठ करण्यापेक्षा ब्रेक सुटला तर गाडी कुठे घरंगळेल ते डोळ्यांसमोर आणा, उत्तर आपोआप येतं. मी नातवाची खेळण्यातली गाडी एका पुस्तकावर तिरकी ठेवून बघितली.

सायकलवाल्यांचं प्रस्थ इथे मोठं आहे. ओलांडताना निदान तीन फूट अंतर, आणि २०२३पासून शक्य असेल तेव्हा शेजारच्या लेनमध्ये जाऊनच पुढे जायचं. उजवीकडे वळायचं असेल तर वळणाच्या आधी २०० फुटांच्या आत सायकलच्या लेनमध्ये शिरायचं. जुन्या वह्यांवरून किंवा दोन-चार वर्षांपूर्वी परीक्षा दिलेल्यांच्या सल्ल्यावरून अभ्यास करू नका ते यासाठीच. नियम दरवर्षी थोडे हलतात, हँडबुक चालू वर्षाचंच उघडा.

रोज सकाळी नातू शाळेला गेला की चहा घेऊन एक प्रकरण वाचायचं, रात्री जेवणानंतर प्रश्न सोडवायचे, असं चाललं. जावई संध्याकाळी फिरायला नेताना मुद्दाम चौकात उभे करून विचारायचे, "आई, आता आधी कोण?" पायी चालताना हे फार चांगलं समजतं. गाडीत बसलेल्या माणसाला पाट्या दिसून निघून जातात. तासभर पायी फिरलात तर हँडबुकमधली निम्मी चिन्हं गल्लीतच सापडतील.

परीक्षेच्या सकाळी मला फार काही खाववलं नाही. दहावीच्या बोर्डाला बसल्यासारखं पोटात होत होतं. लेक म्हणाली, "आई, फेल झालीस तरी पुन्हा देता येते ना." ते ठाऊक होतंच, पण पोटाला कोण सांगणार? आत गेल्यावर टोकन मिळालं. अपॉइंटमेंट असूनही बऱ्यापैकी बसावं लागलं, तेव्हा सकाळी दोन तास मोकळे ठेवूनच जा. खिडकीवरच्या बाईंनी कागद एकेक करून बघितले, दोन प्रश्न विचारले, पैसे घेतले. कार्डाने भरलं तर वर थोडं शुल्क लागतं. मग अंगठ्याचा ठसा, आणि लांबच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. एक डोळा झाकून वाचायचा, मग दुसरा, मग दोन्ही. चष्मा लावून वाचला तर चालतं, पण मग लायसन्सवर तशी नोंद होते आणि गाडी चालवताना चष्मा सक्तीचा. माझा दूरचा आणि जवळचा चष्मा वेगळा आहे. दोन्ही नेले होते ते बरं झालं, कारण तक्त्याला दूरचा लागला आणि परीक्षेच्या स्क्रीनला जवळचा. ज्यांचे दोन चष्मे आहेत त्यांनी हे विसरू नये.

मग फोटो. त्यानंतर परीक्षेच्या जागी पाठवतात. तिथे ओळीने टचस्क्रीन असतात, उभं राहून परीक्षा द्यायची. फोन बंद करून पर्समध्ये. गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच सांगावं, माझ्या शेजारी एका आजोबांना खुर्ची दिलेली दिसली. घाई कुणी करत नाही. प्रश्न दोनदा वाचा. 'नेहमी', 'कधीच नाही', 'पादचारी नसतील तरच' अशा शब्दांवर उत्तर फिरतं. अडलेला प्रश्न सोडून पुढे जाता येतं, तो शेवटी परत येतो. मी दोन-तीन तसे ठेवले होते, आणि बाकीचे सोडवता सोडवता त्यातल्या एकाचं उत्तर आपोआप सुचलं. चौकातले प्रश्न भरपूर आले. दारूचा आकडा आला. पिवळा कर्ब आला, तेव्हा मला हसू आलं.

पास झाले. त्याच वेळी कागदाचं पर्मिट हातात दिलं. बाहेर येऊन लेकीला फोन केला आणि मग नाशिकला बहिणीला. तिकडे रात्र होती, तरी ती उचलून म्हणाली, "आता आम्ही आलो की विमानतळावर घ्यायला तूच ये."

ते लगेच होणार नाही. या पर्मिटवर एकटीने गाडी चालवता येत नाही, शेजारी कॅलिफोर्नियाचं लायसन्स असलेला, अठरा वर्षांवरचा माणूस लागतो. चालवून दाखवायच्या परीक्षेची अपॉइंटमेंट मी त्याच संध्याकाळी घेतली, कारण तिच्या तारखा लांबच्या मिळतात. गाडी आपलीच न्यायची असते, तिचं रजिस्ट्रेशन आणि विम्याचा कागद बरोबर हवा, ब्रेकचे दिवे आणि इंडिकेटर चालू हवेत. निघायच्या आधी हाताचे इशारे विचारतात. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे इशारा डाव्या हाताने. सरळ बाहेर काढला तर डावीकडे, कोपरात वर वळवला तर उजवीकडे, खाली केला तर थांबतो आहे. पॅरलल पार्किंग, म्हणजे कडेला उभ्या दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावणं, कॅलिफोर्नियाच्या परीक्षेत नसतं. त्याऐवजी फुटपाथच्या कडेने, तीन फुटांच्या आत राहून, तीन गाड्यांच्या लांबीएवढं सरळ मागे यायचं असतं. सध्या शनिवारी-रविवारी मी लेकीच्या छोट्या गाडीवर तेवढंच करते आहे. जावयांची मोठी गाडी परीक्षेला न्यायची नाही, हे आमचं ठरलं आहे.